सवलतीतलं हसू

शिंप्याला सगळे मास्टर म्हणत. दुकान पुढच्या खोलीत, संसार मागच्या खोलीत आणि मध्ये एक पडदा, तोही गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडांचा. उरलेलं कापड परत मागायला कोणी येत नाही, हा मास्टरांच्या आयुष्यातला मुख्य आनंद होता.

पडद्यापलीकडून बायकोचं हसणं येई. ते जिना चढल्यासारखं तीन टप्प्यांत वर जाई, मग एक उचकी लागे आणि शेवटी ती स्वतःलाच म्हणे, "अगं बाई." ते ऐकून माप द्यायला उभा राहिलेला माणूसही हसू लागे, त्याचं पोट हले आणि टेप सरके. एकदा एका वकिलाची पॅन्ट याच कारणाने कमरेत सैल झाली आणि भर कोर्टात त्याच्या जिवावर बेतली. तेव्हापासून हसणं सुरू झालं की मास्टर कात्री न थांबवता म्हणत, "बेतानं." कापड बेतायचं तसंच हसूही बेतायचं, त्यात बायकोचा अपमान असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. ती "बरं" म्हणे आणि पुन्हा हसे.

तिला नव्या थिएटरात सिनेमा बघायचा होता. तिची धाकटी बहीण जाऊन आली होती आणि तिथल्या खुर्चीत माणूस कसा आडवा होतो ते जमिनीवर आडवी होऊन दाखवत होती. शेवटी एका दुपारी मास्टर बायकोला घेऊन थिएटरच्या तिकीट खिडकीशी गेले, दर विचारला आणि पुन्हा एकदा विचारला. मक्याच्या लाह्यांचा दर वाचून तर मका सोन्याच्या नांगराने पेरला असावा असं वाटत होतं. नवऱ्याचा चेहरा बघून बायको मागे हसली. तीन टप्पे, उचकी, अगं बाई.

खिडकीतल्या मुलीने पहिल्यांदाच मान वर केली. "त्या तुमच्या कोण?"

"बायको."

"मग सवलत आहे. हसणं इथे ठेवावं लागेल."

बाहेरचे डबे आणि पिशव्या दाराशी ठेवायला लावतातच, त्यातलाच हा नियम असणार, असं मास्टरांनी धरलं. परत कधी मिळेल, हे त्यांनी विचारलं नाही. बायकोलाही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "प्यायचं पाणी त्यातच धरलंय ना?"

पाणी त्यातच होतं.

सिनेमा विनोदी होता. बायको पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मास्टर सवयीने दोनदा "बेतानं" म्हणाले. एरवी एवढ्या हसण्याने पुढच्या दोन रांगा वळून बघत. आज कोणी वळलं नाही. आवाज आजूबाजूला पसरतच नव्हता. चुलीवरचा धूर धुराड्यात जावा तसा सरळ वर जात होता.

बाहेर आल्यावर कसा वाटला म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "छान होता." त्यानंतर ती हसली नाही.

दुःखी होती म्हणावं तर तसंही नव्हतं. स्वयंपाक करत होती, काजं शिवत होती, जेवत होती. बहिणीने आडवी होऊन पुन्हा खुर्ची करून दाखवली, तर ती म्हणाली, "उठ, फरशी गार आहे." मास्टरांना आधी बरंच वाटलं. मापं बिनचूक येऊ लागली. मग एका दुपारी त्यांना कात्रीचा आवाज ऐकू आला. इतकी वर्षं ती कात्री हातात होती, पण आवाज करते हे त्यांना माहीतच नव्हतं. गिऱ्हाइकं पडद्याकडे बघत आणि वहिनी माहेरी गेल्या का म्हणून विचारत, आणि वहिनी पडद्यामागेच बसलेल्या असत. मेहुणीने ताईला गुदगुल्या करून पाहिल्या. ताईने तिचा हात काखेतून काढला, नीट तिच्या मांडीवर ठेवला आणि बटण लावत राहिली. मेहुणी बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, "भावजी, माझ्या ताईचं काय केलंत?"

मास्टर खिडकीशी गेले. मुलगी म्हणाली, ठेवलेलं आत आहे, तिकीट काढून ऐका. सवलत? ती एकदाच असते.

पूर्ण दराचं तिकीट काढून ते आत बसले. लोक लाह्या खात गप्प होते. एवढे पैसे मोजून बसलेल्या माणसाला सहसा हसू येत नाही, कोणीतरी सुरुवात करून द्यावी लागते. पडद्यावर कोणीतरी पाय घसरून पडलं आणि छतातून बायको हसली. तीन टप्पे, उचकी, अगं बाई. तिच्या पाठोपाठ सगळं थिएटर हसलं. हसणं संपता संपता छतातून हलकेच आणखी एक आवाज आला.

"बेतानं."

तो त्यांचा होता. तो त्यांच्याकडून कोणी मागितलाही नव्हता.

त्यांनी खिडकीशी येऊन सांगितलं की तिचं परत द्या, हवं तर माझं हसू घ्या. मुलीने हसून दाखवायला सांगितलं. मास्टर हसले. रांगेतलं एक बाळ रडू लागलं आणि दोन माणसं तिकीट न काढताच निघून गेली. मुलगी सौम्यपणे म्हणाली, "हे नको. तुमचं 'बेतानं' आहे आमच्याकडे, ते उपयोगी पडतं. बाईंनी स्वतः येऊन आपलं ओळखलं, तर घेऊन जा."

मास्टरांनी दुसरं शिलाई मशीन विकलं आणि बायकोला पुन्हा घेऊन आले. पूर्ण दराची दोन तिकिटं, आडव्या होणाऱ्या खुर्च्या, सर्वांत मोठा लाह्यांचा डबा. तिने विचारलं, "अहो, वेड लागलं का तुम्हाला?" त्यांना ते फार गोड वाटलं.

सिनेमातली ती जागा आली. पडद्यावरचा माणूस घसरला. छतातून पहिला टप्पा आला, दुसरा आला, तिसरा आला. बायकोचा लाह्यांकडे गेलेला हात मधेच थांबला. तिने मान कलती केली. उचकी आली, तशी तिच्या गळ्यात काहीतरी हललं. मास्टरांनी तिचा हात घट्ट धरला.

"ओळखीचं वाटतं?"

छतातली बाई "अगं बाई" म्हणाली. बायको पुरतं ऐकून होईपर्यंत थांबली. मग तिने हात सोडवून घेतला आणि लाह्या उचलल्या.

"कोणाच्या घरची आहे ही?" ती म्हणाली. "जरा बेतानं हसावं की माणसानं."

"बेतानं," छतातून मास्टरांनी लगेच दुजोरा दिला, आणि सगळं थिएटर हसलं.