युरियाच्या पोत्यातले अकरा महिने

मित्रांनो, मी पेट्रोलवर चालणारा एक जुना इंजिन-पंप आहे. दोन हातांनी उचलता येईल एवढाच. पण माझी दोरी ओढली आणि आत ठिणगी पडली, की नाल्याचं पाणी चढावरच्या शेतापर्यंत नेतो. आज मी फार खुशीत आहे आणि का ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कारखान्यात वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतून माझं अंग घडलं. आर्णीच्या दुकानातून अमरसिंग या शेतकऱ्याने मला त्याच्या बंजारा तांड्यावर आणलं, तेव्हा मोटरसायकलवर मागे बसलेल्या मानीबाईने, त्याच्या बायकोने, मला मांडीवर धरलं होतं. वाटेतले सगळे खड्डे तिच्या गुडघ्यांनी सोसले. त्यांच्या शेताजवळ विजेचा खांब नाही. पहिल्यांदा पाइपातून पाणी उसळलं तेव्हा मानीबाई त्यात पाय धरून कितीतरी वेळ हसत उभी होती. पुढे सहा हिवाळे मी पाणी दिलं.

अमरसिंगचा माझ्यावर फार जीव. त्या जीवापायीच त्याच्या हातून चूक झाली. आधी मी ओसरीत उघडाच असायचो. गेल्या वर्षी हंगाम संपल्यावर त्याने मला धुतलं, टाकी पेट्रोलने काठोकाठ भरली, युरियाच्या रिकाम्या पोत्यात घातलं, तोंड सुतळीने आवळलं आणि कापसाच्या खोलीत ठेवलं.

"आता याले धूळही लागत नाही," तो म्हणाला.

धूळ खरंच लागली नाही. पण पावसाळ्यात पोत्यातला युरियाचा चुरा ओल धरू लागला आणि माझे स्क्रू गंजले. पेट्रोल जिथे हवेत मिसळतं त्या कार्बोरेटरमध्ये ते हळूहळू आटलं आणि मागे चिकट पिवळा थर उरला. एका उंदराने पोतं कुरतडून माझ्या हवा गाळायच्या डब्यात बिऱ्हाड केलं. आणि दोरी ओढल्याशिवाय मला आवाज काढता येत नाही, मित्रांनो.

यंदा चढावरच्या पट्टीत मानीबाईने स्वतःच्या हट्टाने हरभरा पेरला होता. तो फुलावर आला आणि जमीन भेगाळली. नाल्याच्या डोहात चार दिवसांचं पाणी उरलं होतं. अमरसिंगने मला बाहेर काढून वीसदा दोरी ओढली. मी ढिम्म.

"मेलं हे इंजन," तो घाम पुसत म्हणाला. "दुपारी भंगारवाला येऊन राह्यला. देऊन टाकू."

"अन् माह्या हरभऱ्याले तो भंगारवाला पाणी देईन का?" मानीबाईने विचारलं.

त्यांची मुलगी बबिता यवतमाळला रसायनशास्त्र शिकते. दोन दिवसांसाठी ती घरी आली होती. तिने माझ्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

"बा, हे पेट्रोल कधीचं हाय?"

"मागच्या सालचं. काहून?"

"नासलं."

"पेट्रोल का दूध हाय, नासाले?"

"दूध नासलं तं दिसते तरी. अन् भरल्या टाकीचं इंजन तू कापसाच्या खोलीत ठेवलं. एक ठिणगी पडली असती, तं घर राह्यलं नसतं."

अमरसिंगचा चेहरा उतरला. "मी तं याले लेकरावानी गुंडाळून ठेवलतं," तो हळूच म्हणाला.

"आता लेक सांगते तसं करा," मानीबाई म्हणाली.

चुलीपासून दूर, अंगणात मला ठेवलं. जुनं पेट्रोल डब्यात निघालं. कार्बोरेटर उघडून बबिताने तो पिवळा थर पुसला आणि आतलं केसाएवढं भोक तांब्याच्या बारीक तारेने मोकळं केलं. पोलादी सुईने ते भोक मोठं होतं, म्हणून सुई नको, हे तिने दोनदा बजावलं. मग हवेचा डबा उघडला आणि मूठभर कापूस बाहेर आला.

"पाह्य, हा उंदीर आपल्याआधी वेचणी करून गेला," मानीबाई म्हणाली. तेव्हा कुठे अमरसिंग हसला.

स्पार्क प्लगची काजळी निघाली, ऑइल बदललं, नवं पेट्रोल आलं. त्याच पोत्यात घालून मला नाल्यावर नेलं आणि पंपात पाणी भरलं. तेवढ्यात तांड्याच्या वाटेवर भंगारवाल्याचा भोंगा वाजू लागला.

"दोरी मी ओढीन," मानीबाई म्हणाली. हरभरा तिचा होता.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा मला एक खोकला आला. भोंगा जवळ येत होता.

"याडी, थोडी थांब," बबिता आईला म्हणाली आणि तिने हवा अडवणारा चोक अर्धा उघडला. "आता ओढ."

ठिणगी पडली. अकरा महिन्यांनी माझ्या छातीत ताजी हवा शिरली आणि मी असा धडधडलो की काठावरचे बगळे उडाले. चपटा पाइप फुगत फुगत चढावर गेला. मानीबाई त्याच्या मागे धावली. पाणी तिच्याआधी पोचलं.

भंगारवाला काठावर येऊन थांबला. "इंजन देता ना, भाऊ?"

अमरसिंगने ते युरियाचं पोतं त्याच्या हातात ठेवलं. "हे घेऊन जाय."

हरभरा भरला आणि आज हंगाम संपला. बबिताने शिकवलं होतं तसं मानीबाईने माझं पेट्रोल काढून घेतलं, उरलेलं संपून मी आपोआप थांबेपर्यंत मला चालवलं. मी निवल्यावर प्लगच्या भोकातून ऑइलचे चार थेंब सोडले, ते आत पसरावेत म्हणून दोरी दोनदा हळूच ओढली आणि प्लग परत बसवला. कापसापासून दूर, कोरड्या कोठ्यात फळीवर ठेवून वर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला.

"एवढंच?" अमरसिंगने विचारलं. "बांधू नाही का काई?"

"हवा लागू द्या त्याले."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणीतरी मुकं पडून असेल. त्याला जपण्याआधी त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, तेवढं कुणा जाणत्याला जरूर विचारून घ्या. माझी टाकी आता रिकामी आहे. लुगड्याला अजून मानीबाईच्या शेताचा वास येतो, आणि पुढच्या हिवाळ्यात दोरी तीच ओढणार आहे.