दोन्ही बाजूंना चार

"बाबा, एक खाच घट्ट करा. एकच! लगेच वर्गात उभं केल्यासारखं भाषण नको."

पोरगी हेल्मेट काखेत मारून केळं खात उभी होती. पहिली फेरी जिंकून आली होती, त्यामुळे स्वारी हवेत होती. वैद्यबुवा गाडीच्या पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून बसले होते आणि चाक पुन्हा पुन्हा चाचपत होते. फेरी एकच, पण बापलेकीला ती वेगवेगळी दिसली होती.

वैद्यबुवा हे त्यांचं खरं नाव नव्हे. गाडीच्या पुढच्या अंगावर तळवा दाबायचा, सोडायचा, आणि ती कशी वर येते त्यावरून शॉकअपचं दुखणं सांगायचं, ही त्यांची रीत. म्हणून शर्यतीच्या मैदानावर लहानथोर सगळे त्यांना वैद्यबुवाच म्हणत. दुसऱ्यांच्या गाड्यांची नाडी ते बिनधास्त बघत. ही गाडी घरची होती आणि चालवणारीही घरचीच.

खेळ तसा सोपा. सरळ पट्ट्यावर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, आणि तीन फेऱ्यांतल्या दोन जिंकायच्या. सगळी गंमत सुटण्यात असते. सुटताना गाडीने नाक उचललं की वजन मागे जातं आणि मागची चाकं जमीन पकडतात. नाक उठलंच नाही, तर चाकं जागच्या जागी फिरतात आणि नुसता धूर. फार उठलं तर गाडी आभाळ बघत जाते आणि स्टिअरिंग शोभेला उरतं. ते किती उठावं, हे पुढच्या शॉकअपवरच्या नॉबच्या खाचांवर ठरतं; जितक्या खाचा आवळाल तितकं नाक दबून राहतं.

सकाळच्या फेरीत नाक फारच उठलं होतं. पुढची चाकं हवेत लोंबकळली आणि खाली आली ती तिरकी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. वैद्यबुवांना मात्र पट्ट्याशेजारची भिंत तेवढी दिसली. निघताना बायको म्हणाली होती, "जिंकू दे नाहीतर हरू दे, पण पोरीला धड घरी आणा." तेव्हा ते हसले होते.

"एकीने भागेल?" त्यांनी विचारलं.

"भागेल. जास्त आवळलंत तर तो निळ्या गाडीवाला माझ्या नाकासमोरून जाईल. आणि मग घरापर्यंत मी तुमचं डोकं खाईन."

"ते तू जिंकलीस तरी खातेसच."

ती हसत टायर बघायला मागे गेली. नॉब सकाळपासून पूर्ण सैल होता; वैद्यबुवांनी त्याला बोट लावलं. एक खाच टक्‌ करून बसली. हात इथे थांबायला हवा होता, पण डोळ्यांपुढून भिंत हलेना. आणखी एक झाली. मग आणखी दोन. आपण पोरीला फसवतोय हे त्यांना पुरतं कळत होतं, आणि तरीही ते पलीकडे गेले आणि डावीकडेही बरोबर चारच खाचा आवळून आले. उजवं-डावं सारखं ठेवायची हाताची सवय चोरी करतानाही सुटली नाही.

फेरीआधी तिचे सीटचे पट्टे आवळायचं काम त्यांचंच. लहानपणी वेणी घालून घेताना ती जशी डोळे मिटून बसे, तशीच आताही बसायची. तिने डोळे मिटले. त्यांनी पट्टे ओढले, पण तिच्याकडे बघवलं नाही.

दिवा हिरवा झाला. नाक जेमतेम हललं. मागची चाकं गरगर फिरली, धुराचा लोट उठला आणि गाडीचं बूड भिंतीकडे सरकलं. सरकतच गेलं. नाक दाबून ठेवलं तर मागची पकड जाणार, हे त्यांनी उभ्या हयातीत शंभर जणांना शिकवलं होतं. आज भीतीपुढे तेवढंच विसरले होते. पोरीने कसाबसा तोल सावरला. निळी गाडी केव्हाच पोचली होती.

ती परत आली ती आदळआपट न करता. वैद्यबुवांना वाटलं, तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ऊन गेलं ना मघाशी," तेच घाईने म्हणाले, "पट्टा गार पडला असेल. म्हणून पकड..."

ती गाडीकडे वळली. पुढच्या चाकापाशी बसली, डोळे मिटले आणि नॉब सैल करून परत होता तिथे आणत खाचा मोजू लागली. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. मग ती पलीकडे गेली आणि तिथल्याही मोजल्या.

"एक ठरली होती, बाबा. चार आहेत."

"ढिला असेल नॉब. हादऱ्याने फिरतो कधीकधी."

"दोन्ही बाजूंना चार? हादऱ्याने फिरला असता तर एकीकडे दोन, दुसरीकडे पाच झाल्या असत्या. इतकं सारखं एकाच माणसाच्या हातून होतं."

वैद्यबुवा फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"घाबरलो गं," शेवटी ते म्हणाले.

"मग सांगायचं ना! भांडले असते मी, आकांडतांडव केलं असतं. पण आपल्या हातात काय आहे, ते मला ठाऊक तरी असतं." तिचा आवाज खाली आला. "लोक विचारतात, तुला भीती नाही वाटत? नव्हती वाटत. गाडी तुम्ही लावलेली असायची ना."

त्या 'असायची'पाशी वैद्यबुवांच्या हातातलं फडकं थांबलं. पलीकडून तिसऱ्या फेरीची हाक आली.

ते पुन्हा गुडघ्यांवर बसले. दोन्हीकडच्या तीन-तीन खाचा सोडल्या आणि ठरलेली एक ठेवली. उठून बाजूला झाले, तर ती त्यांच्या जागी बसली आणि दोन्ही नॉब नव्याने मोजून आली. त्यांचं काम कुणी तपासलं, असं या मैदानावर आजवर झालं नव्हतं. ते फडकं धरून उभे राहिले.

"बरोबर आहे," ती म्हणाली. रागाने नाही, तुसडेपणानेही नाही. कुणा परक्या मिस्त्रीला म्हणावं तसं.

ती गाडीत बसली. वैद्यबुवा पट्टे आवळायला आत वाकले. खांद्याचे ओढले, कमरेचे ओढले, आणि सवयीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

तिचे डोळे उघडे होते. ती त्यांच्या हातांकडे बघत होती.