सहअर्जदार

जे. पी. नगरमधला फ्लॅट ठरला तेव्हा प्रमोदिनी बेचाळीस वर्षांची होती आणि बंगळूरमधल्या भाड्याच्या पाचव्या घरात राहत होती. मूळची ती नाशिकची. एका सरकारी संशोधन संस्थेत तांत्रिक अधिकारी म्हणून लागली आणि इथलीच झाली. नवरा सुधींद्र निपाणीचा. बंगळूरच्या शिवाजीनगरमधल्या एका मोठ्या छापखान्यात तो सुपरवायझर होता. कामगारांशी कन्नडमध्ये, मालकाशी हिंदीत आणि घरी मराठीत बोलणारा, आवाज न चढवणारा माणूस. मुलगी रक्षिता सहावीत होती.

मल्लेश्वरमच्या घरमालकांना घर पाडून नवीन बांधायचं होतं. त्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली, तेव्हा प्रमोदिनी म्हणाली, "आता भाड्याचं नको. आता आपलं."

फ्लॅट हेमलता नावाच्या एका विधवा बाईंचा होता. त्या मुलाकडे म्हैसूरला निघाल्या होत्या. दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर फणसाचं झाड. किंमत अठ्ठ्याहत्तर लाख. प्रमोदिनीने पंधरा वर्षांत साठवलेले अठरा लाख होते, उरलेल्या साठ लाखांचं कर्ज काढायचं. तिच्या एकटीच्या पगारावर एक्केचाळीस मिळत होते, सुधींद्र सहअर्जदार झाला की साठ. दोघांचा क्रेडिट स्कोअर चांगला निघाला. बँकेने तत्त्वतः मंजुरी दिली. प्रमोदिनीने दोन लाख विसार दिला, दोन महिन्यांत खरेदीखत करायचं ठरलं.

अर्जावर सही करताना सुधींद्र म्हणाला होता, "तुझ्या एकटीच्या नावावर घे ना. माझं नाव कशाला?"

"एकटीच्या नावावर एवढं बसत नाही. आणि तुझं नाव का नको?"

त्याने सही केली.

तीन आठवड्यांनी बँकेतून विद्या मॅडमचा फोन आला. कर्ज विभाग त्यांच्याकडे होता, बाई स्पष्ट पण सभ्य. "प्रत्यक्ष या. दोघंही या." प्रमोदिनीला वाटलं, एखादा कागद राहिला असेल. सुधींद्र म्हणाला त्याला सुट्टी मिळणार नाही, म्हणून ती एकटीच गेली.

विद्या मॅडमनी कन्नड वळणाने "स्वल्प बसा", थोडं बसा, म्हणून खुर्ची पुढे केली आणि एक छापील पान तिच्यासमोर ठेवलं. मोठ्या कर्जाआधी बँकेचे वकील अर्जदारांची नावं कोर्टाच्या नोंदींत शोधत. सुधींद्रचं नाव, वडिलांचं नाव, निपाणीचा पत्ता. एका पतसंस्थेने लावलेला, क्रेडिट स्कोअरमध्ये न दिसलेला वसुलीचा दावा. २०१८ साली हुकूमनामा, म्हणजे कर्ज फेडा असा कोर्टाचा निकाल. प्रतिवादी गैरहजर. त्यानंतर २०२२ मध्ये अंमलबजावणीची दरखास्त, ती अजून चालू.

"हे मिटलंय," प्रमोदिनी लगेच म्हणाली. "छापखान्याचं कर्ज होतं. माझ्या बांगड्या विकून चार लाख भरले होते आम्ही."

"मग कोर्टात तशी नोंद करून आणा. नोंद नाही तोवर आमच्यासाठी ते जिवंत आहे." मॅडम पुढे म्हणाल्या, "तुमचे मिस्टर आधी सांगू शकले असते."

छापखान्याचं तिला माहीत होतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं सुधींद्र निपाणीतच होता. अमित नावाच्या मित्राबरोबर त्याने ऑफसेटचं यंत्र घेतलं होतं, पतसंस्थेच्या आठ लाखांवर. धंदा बसला, अमित गोव्याकडे कुठेतरी गेला, तो गेलाच. रक्षिता दोन वर्षांची असताना सुधींद्र एक बॅग घेऊन बंगळूरला आला. तेव्हा प्रमोदिनीने बांगड्या काढून दिल्या होत्या आणि पुन्हा कधी विचारलं नव्हतं. आपण विचारलं नाही हा आपला मोठेपणा, असंच तिला इतकी वर्षं वाटत होतं.

त्या संध्याकाळी तिने ते पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने बराच वेळ ते वाचल्यासारखं केलं.

"समन्स आईकडे आलं होतं," तो म्हणाला. "चार लाख दिलेत, आता कोर्टात कशाला जायचं, असं वाटलं."

"आणि दरखास्त?"

"ती लावल्याचं मला कळलंच नाही."

शनिवारी दोघं निपाणीला गेली. सुधींद्रने एक पावती शोधून काढली होती. साध्या कागदावर चार लाख मिळाल्याचं लिहिलेलं, खाली वसुली अधिकाऱ्याची सही, शिक्का नाही. पतसंस्था केव्हाच बुडाली होती. तिची येणी-देणी मिटवायला सरकारने नेमलेल्या लिक्विडेटरचं ऑफिस एका धान्य दुकानाच्या वर होतं. तिथल्या कारकुनाने वह्या काढल्या, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"त्या तारखेला जमा काहीच नाही. हा माणूस तर वारला. असे बरेच कागद येतात आमच्याकडं." त्याने व्याज धरून आकडा सांगितला. सतरा लाख. मग दुसरी फाईल उघडून तो सहज म्हणाला, "नोटीस पोचलीय की तुम्हाला. शिवाजीनगरच्या छापखान्याच्या पत्त्यावर. ही बघा पोचपावती, सही तुमचीच न्हवं?"

सही सुधींद्रचीच होती. तीन वर्षांपूर्वीची. प्रमोदिनीने ती पाहिली आणि मग त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीतून खाली रस्ता बघत होता.

लिक्विडेटर साहेब दुपारनंतर येणार होते. बाहेरच्या बाकावर आणखी पाच-सहा माणसं बसली होती. प्रमोदिनीच्या शेजारी सत्तरीची एक म्हातारी होती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात ठेवींची पुस्तकं. तिने आपणहून नाव सांगितलं, कस्तुराबाई. तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं काम केलेलं. नातीच्या लग्नासाठी दोन लाख ठेवले होते.

"नातीचं लगीन झालं, तिला पोर झालं, अजून मी येतीया," ती म्हणाली. मग प्रमोदिनीच्या पलीकडे वाकून तिने सुधींद्रला विचारलं, "तुमचं बी पैसं अडकल्यात व्हय?"

"होय मावशी," सुधींद्र म्हणाला. "अडकल्यात."

"किती?"

"चार लाख."

"आई गं," म्हातारी कळवळली. "खाल्लं बघा मेल्यांनी. कर्ज काढून पळाले, आन् आपण बसलोय हितं."

सुधींद्रने मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भीतीही नव्हती. खरोखरच नुकसान झालेल्या माणसासारखा तो दिसत होता. तेरा वर्षं ज्या आवाजात तो प्रमोदिनीशी बोलत आला होता, त्याच आवाजात तो हे बोलला होता. तिला म्हातारीला सांगावंसं वाटलं की हेच ते, पळालेले. म्हातारीने पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला, आणि तिने तो घेतला.

परतीच्या बसमध्ये सुधींद्रने त्याचा बेत सांगितला. तो त्याने बहुतेक आधीच करून ठेवला होता. "हे घर राहू दे. तुझ्या एकटीच्या नावावर लहान घर बघू. एक्केचाळीस कर्ज, सोळा आपले. केंगेरीकडे मिळेल काहीतरी. माझ्या नावावर काही नसेल तर ते काय जप्त करणार?"

"तुझा पगार."

"नोकरी बदलीन."

"आणि ती म्हातारी?"

"कोण म्हातारी?" तो म्हणाला. त्याला खरंच आठवेना. मग आठवलं. "तिचे पैसे मी खाल्ले का? अमितने खाल्ले. वसुलीवाल्याने खाल्ले. मी पण बुडालोच की, प्रमोदिनी."

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्याला धरून तो इतकी वर्षं नीट जगला होता.

हेमलताबाईंना तिने फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या कन्नडमिश्रित हिंदीत हळहळल्या, पंधरा दिवस जास्तीचे दिले. पण त्यांनाही म्हैसूरला पैसे भरायचे होते, आणि दुसरं गिऱ्हाईक रोखीने घ्यायला तयार होतं. विसाराचे दोन लाख करारानुसार गेले. त्यांनी स्वतःहून पन्नास हजार परत पाठवले, आणि प्रमोदिनी त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून रडली.

मग तिने ठरवलं ते कुणाला विचारून ठरवलं नाही. वकिलामार्फत लिक्विडेटरशी बोलणी केली. साडेबारा लाखांवर तडजोड झाली, ते घरासाठी साठवलेल्या पैशांतून भरायचे. सुधींद्र आठवडाभर तिला समजावत राहिला, मग म्हणाला, "माझ्यासाठी एवढं करतेस."

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. कुणासाठी, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच की ते पान टेबलावर असताना त्याच टेबलावर जेवण तिला जात नव्हतं.

ऑगस्टमध्ये निपाणीच्या कोर्टात हुकूमनामा फिटल्याची नोंद झाली. न्यायाधीशांनी वर न बघता सही केली, दोन मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आल्यावर ती धान्य दुकानाच्या वरच्या ऑफिसात गेली. कस्तुराबाई नव्हती. तिने कारकुनाला विचारलं, आता ठेवीदारांना काही मिळेल ना?

"मिळंल की. आधी ऑफिसचा खर्च, मग नोकरांचे थकलेले पगार. उरलं तर वाटप. वर्षं लागतात, बाई." त्याने वही मिटली. "तुमचं नशीब चांगलं, सुटलात."

बँकेत आता पुन्हा अर्ज करता आला असता. विद्या मॅडमनी कागद बघून तसं सांगितलंही. पण हातात साधारण चार लाख होते, त्यांतले दोन नव्या भाड्याच्या घराच्या डिपॉझिटला लागणार होते. "पाच-सहा वर्षांनी या," मॅडम म्हणाल्या. प्रमोदिनीने मनात हिशेब केला. तेव्हा ती अठ्ठेचाळीसची असेल, हप्ते निवृत्तीच्या पुढे जातील, कर्ज याहून कमी मिळेल.

यशवंतपूरच्या बरंच पुढे, शहराच्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. रक्षिताची शाळा आता दीड तासावर. मल्लेश्वरमच्या शेवटच्या रविवारी सुधींद्र पुस्तकं खोक्यांत भरत होता, नेहमीसारखा नेटका, प्रत्येक खोक्यावर आत काय ते लिहून. प्रमोदिनी दारात उभी राहिली.

"सुधींद्र, आणखी काही आहे का? कुठलंही. आत्ताच सांग, मी काही बोलणार नाही."

त्याने हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं, वर दुसरं ठेवलं.

"नाही," तो म्हणाला. "शपथ."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चेहरा शांत होता, थोडा दमलेला, डोळ्यांत पाणीही आल्यासारखं. खरं बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा. त्या म्हातारीनेही तो असाच बघितला होता. प्रमोदिनीने चिकटपट्टी उचलली, खोक्याच्या दोन्ही बाजू दाबून धरल्या आणि बंद करायला घेतलं. टेम्पो अकराला येणार होता.