ऋषीची पेनल्टी

राजरत्नला संघात एकाच कामासाठी ठेवलं होतं. नेहमीचा गोलकीपर वेगळा होता, हा राखीव. पण पेनल्टी अडवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. देशभरातल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबांची ही चषक स्पर्धा बाद पद्धतीची. हरला तो घरी. त्यामुळे उपांत्यपूर्व सामना जादा वेळेतही बरोबरीत राहतोय असं दिसताच प्रशिक्षकांनी खुणेनं त्याला उठवलं, आणि बोरी बुद्रुकच्या भागुजीचा हा पोरगा हातमोजे चढवून आत गेला.

दोन्हीकडच्या चार-चार पेनल्ट्या आत गेल्या. राजरत्नच्या संघाची पाचवीही आत गेली. समोरच्यांकडून शेवटची मारायला ऋषी आला. येडगावचा ऋषी.

दोघं नारायणगावला एकाच शाळेच्या मैदानावर खेळायला लागले, पुढं पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात एका खोलीत राहिले. सराव संपला, बाकीची पोरं जेवायला गेली, की ऋषीनं मारायच्या आणि राजरत्ननं अडवायच्या, असं कित्येक वर्षं चाललं. ऋषी मजेत असला की कुठंही मारायचा. घाबरला की मात्र हटकून कीपरच्या उजव्या हाताला, खाली. आणि त्या दिवशी तो घाबरला होता. चेंडू ठेवताना त्यानं राजरत्नकडं पाहिलंच नाही.

राजरत्ननं विचार केला नाही. अंग आपोआप उजवीकडं गेलं, चेंडू तळव्यावर आदळून बाहेर गेला. सगळा संघ त्याच्यावर येऊन पडला. त्याला फक्त वजन जाणवलं, आणि गालाखालचं ओलं गवत. उठला तेव्हा ऋषी अजून तिथंच उभा होता. दोघांनी हात मिळवले.

ऋषीच्या क्लबच्या मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की चषकात पुढं गेलो तर संघ चालवू, नाहीतर बंद. आठवड्याच्या आत त्यांनी तो बंद केला.

उपांत्य सामन्याला अवकाश होता, म्हणून राजरत्न बोरीला आला. गावात जो तो मोबाईलवर ती पेनल्टी लावून त्याच्यासमोर धरत होता. "काय झेप मारली राव," म्हणत होता. तो बघायचा, मान हलवायचा. पडद्यावर झेपावणारा माणूस त्याला ओळखीचा वाटत नव्हता. त्याच्या आईनं, म्हणजे आक्काबाईनं, मटण केलं. त्यानं ताट पुसून खाल्लं, पण कसं झालंय विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

भागुजी हात धुता धुता म्हणाला, "ऋषीकडं जाऊन आला का?"

"न्हाई."

"मग जा की. मोटरसायकल हाय दारात."

येडगावला ऋषी टोमॅटोच्या प्लॉटात होता. झाडं तारेला बांधायचं काम चाललं होतं. पलीकडं धरणाचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं. राजरत्ननं सुतळीचा एक जुडगा उचलला आणि शेजारच्या सरीत बांधायला लागला. बराच वेळ दोघं नुसते गाठी मारत पुढं सरकत राहिले.

"तुला म्हायती व्हतं," ऋषी म्हणाला.

"हां."

"तुला म्हायती हाय, हे मलाबी म्हायती व्हतं. म्हनून दुसरीकडं मारायचं ठरवलं. पळत येईस्तवर तेच ठरलं व्हतं. पन पाय तिकडंच गेला."

"मी सोडायला पायजे व्हता का?"

ऋषीनं हातातली गाठ पुरी केली. "तवा वाटलं, सोडंल. मग वाटलं, सोडू नये. आता काय वाटत न्हाई."

"मलाबी काय वाटत न्हाई," राजरत्न म्हणाला. "जितलो तवाबी वाटलं न्हाई."

ऋषीनं त्याच्याकडं पाहिलं. मग पुढच्या झाडाला वाकला.

सारजाबाई चहा घेऊन बांधावर आली. ऋषीची आई. वसतिगृहात असताना तिनं पाठवलेले लाडू दोघांनी मिळून संपवलेले. तिनं राजरत्नचा हात हातात घेतला, तळवा उलटून पालटून पाहिला.

"लागलं न्हाई ना रे तुला? लई जोरात मारतो ह्यो."

"न्हाई काकू."

आता डोळे भरून येतील, असं त्याला वाटलं. तो वाट बघत उभा राहिला. आले नाहीत. मग त्यानं चहा घेतला आणि दोघांनी ती सरी संपवली.

उपांत्य सामना त्यांनी तीन-शून्यानं गमावला, तोही ठरलेल्या वेळेतच. पेनल्टीचा प्रश्नच आला नाही. राजरत्न पूर्णवेळ बाकावर बसून होता. नंतर खोलीत पोरं रडत होती. त्यानं एकाच्या घोट्याला बर्फ लावला, इकडंतिकडं पडलेले टॉवेल गोळा केले.

तो घरी परतल्यावर काही दिवसांनी ऋषीचा फोन आला.

"मंचरला शाळेत लागलो. पोरांना फुटबॉल शिकवायचा."

"बरं झालं."

"ग्राउंडवर नुसते दगड हायेत. तुझं काय?"

"पुढल्या हंगामाला ठेवत्यात का, क्लबवाले अजून काय बोलले न्हाईत."

"बोलतील," ऋषी म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

राजरत्न ओट्यावर तसाच बसून राहिला. आक्काबाईनं आतून विचारलं, "कोन व्हतं रे?"

"ऋषी. नोकरी लागली त्याला."

"मग चांगलंच झालं की." ती दारात आली. "तू असा का बसला?"

"बसलोय नुसता," तो म्हणाला.