साडेपाचचा चहा

"वीस मिनिटांवर आपलं घर, आणि तू हॉटेलात राहायला चाललीस!" तिचा नवरा डुगी दारात उभा राहून म्हणाला. "पासपोर्ट घेतलास ना?"

"तू तुझं अंडं उकड आणि गप्प बस," सेंगा म्हणाली आणि बॅगेत तिसऱ्यांदा तोच ब्लाउज घडी करून ठेवला.

ग्लासगोत जन्मलेलं माणूस ग्लासगोतल्या हॉटेलात राहत नाही. स्टेशनवरचं ते मोठं हॉटेल तर नाहीच नाही. त्याच्या कमानीखालून सेंगा गिलफिलन आयुष्यात हजारदा गेली होती, पण त्या फिरत्या दारातून आत जायचा प्रसंग चौसष्ट वर्षांत आला नव्हता. आणि आता तिच्या बहिणीचं, डविनाचं, लंडनहून पत्र आलं होतं. पत्र कसलं, चार ओळी. दोन खोल्या घेतल्यात, एक तुझी. शुक्रवारी ये. चहाला खाली भेटू.

सहा वर्षांत बहिणीकडून आलेला हा पहिला शब्द होता.

भांडण झालं ते आईच्या दफनाच्या दिवशी. घरात माणसं मावत नव्हती, आणि डविना आपल्या लंडनी उच्चारांत प्रत्येक शेजारणीचे आभार मानत फिरत होती. सेंगाच्या जिभेला मुळातच हाड नाही, त्यात तीन रात्रींचं जागरण. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आईला शेवटी फोनवर तुझं बोलणंच कळायचं नाही. फोन ठेवला की मला विचारायची, कोण गं ही बाई?" डविनानं कप खाली ठेवला, कोट चढवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. ते खोटं असतं तर माफी मागणं सोपं होतं. पण ते खरं होतं, आणि खरं बोललेलं मागं कसं घ्यायचं, हे सेंगाला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. यावेळी भेट हुकली, तर एकीची गाठ दुसरीच्या शवपेटीशीच पडणार, एवढं मात्र तिला पक्कं कळत होतं.

म्हणून तर त्या चार ओळींतल्या एका शब्दावर तिनं दोन दिवस डोकं खाजवलं. चहाला म्हणजे कधी? तिच्या गल्लीत चहा म्हणजे जेवण. संध्याकाळी साडेपाचला, नवरा कामावरून आला की. बटाटे, चॉप, डब्यातले वाटाणे आणि वर कपभर चहा. "पोरांचा चहा झाला का?" म्हणजे पोरं जेवली का. पण डविनाला लंडनला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती, तिचा नवरा दातांचा डॉक्टर होता, आणि तसल्या लोकांचा चहा चार वाजता असतो, काकडीची सँडविचेस खात, करंगळी वर करून. त्यात जागा कुठली, तर ते हॉटेल. म्हणजे चारच. फोन करून विचारता आलं असतं. पण पहिला फोन आपण का करायचा?

फिरत्या दारात तिची बॅग अडकली. ती बाहेर, बॅग आत. एका पांढऱ्या मिशांच्या माणसानं दार उलटं फिरवून दोघींची गाठ घालून दिली.

"दे इकडे, पोरी," तो म्हणाला. त्याच्या कोटावर रॅब असं नाव होतं. ग्लासगोत बाई पाळण्यातली असो की कवळी लावलेली, पोरगीच. "लांबून आलीस?"

"डेनिस्टनहून. बसनं वीस मिनिटं."

"अरे देवा! मग थकली असशील."

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. बोळातला गालिचा इतका जाड की पावलांचा आवाजच येईना, आणि सेंगाला आपण चोरी करायला निघाल्यासारखं वाटायला लागलं. न्हाणीघरातल्या टबात डुगी, डुगीचा भाऊ आणि भावाचं कुत्रं एकदम बसलं असतं. पलंगावर ती क्षणभर टेकली, मग उठून चादरीची सुरकुती हातानं साफ केली. उगाच कामवालीला काम कशाला?

खिडकी थेट स्टेशनच्या आत उघडत होती. खाली काचेच्या छपराखाली अख्खा फलाट. लंडनची गाडी पावणेतीनला लागली, तशी सेंगानं नाक काचेला लावलं. टोप्या मोजल्या, कोट मोजले, एका बाईला तर ती हात करणार होती, पण ती बाई एका पाद्र्याच्या गळ्यात पडली. फलाट रिकामा झाला, झाडूवाला आला, डविना आली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण तिला ते कळायला अजून अडीच तास होते.

चारला पाच कमी असताना ती खालच्या दिवाणखान्यात जाऊन बसली. पाठ खुर्चीला न लावता. झुंबराखाली बायका हळू आवाजात बोलत होत्या, आणि रॅब आता पांढरं जाकीट घालून किटल्या फिरवत होता.

"तू तर दारावर होतास," सेंगा म्हणाली.

"दोघंजण आजारी. चारनंतर मी वेटर, रात्री व्यवस्थापक झालो तर नवल नाही. काय आणू?"

"दोघींचा चहा. बहीण येतेय."

तीन मजली तबक आलं. खाली सँडविचेस, मध्ये स्कोन म्हणतात ते जाड गोडसर पाव, वर बोटभर केक. सव्वाचार झाले. साडेचार झाले. दार फिरायचं, सेंगाची मान फिरायची, आणि आत येणारा कुणीतरी टक्कल पडलेला पुरुष असायचा.

"खोलीत विचारून बघू का?" रॅबनं हळूच विचारलं. "काय नाव बहिणीचं?"

"काही नको. यायचं तर येईल. पाय आहेत तिला."

पावणेपाचला काळजीचा राग झाला, आणि राग आला की सेंगा खाते. तिनं आपली सँडविचेस खाल्ली. मग डविनाची खाल्ली. स्कोन, दाट साय, जॅम, वरच्या मजल्यावरचे सगळे केक, एक हिरवा होता तोही, कसला ते तिनं विचारलं नाही. बोलावून बसवायचं आणि स्वतः यायचं नाही! दफनाचा सूड घेतला बाईनं, आणि तोही इतका थंडपणे, इतक्या महागाच्या खोलीत ठेवून. रॅबनं रिकामं तबक झुंबराकडे बघत उचललं, हे त्याचे उपकारच.

सव्वापाचला ती वर गेली, कोट चढवला, ब्लाउज बॅगेत कोंबला. डोळे भरून आले होते. त्याचाही तिला राग आला. सहाच्या बसनं घरी, आणि डुगीला सांगायचं की गादी मऊ नव्हती.

जिन्याच्या वळणावर तिला वरून उतरणारी एक बाई दिसली. निळा पोशाख, गळ्यात मोती, एक हात कठड्याला घट्ट. उतरताना ती ओठ हलवत होती, परीक्षेला निघालेली पोरं पाठ म्हणतात तशी.

डविनानं सेंगाकडे पाहिलं. मग कोटाकडे. मग बॅगेकडे.

"निघालीस?" ती म्हणाली. आवाज तोच, लंडनचा. "मला वाटलंच होतं. चहालासुद्धा थांबवत नाही तुला माझ्याबरोबर."

"चहाला?" सेंगाचा आवाज जिन्यात घुमला. "तासभर बसले मी चहाला! चारपासून!"

"चारला? चारला कोण चहा घेतं?"

"तू घेतेस! तुम्ही लोक घेता! काकडीबिकडी लावून!"

"मी तिकडे घेते," डविना म्हणाली. "तिकडच्या लोकांबरोबर. पण पत्र तर तुला लिहीत होते ना गं. तुला लिहिताना चहा म्हणजे साडेपाच. आणखी काय असतं?"

सेंगा कठड्याला टेकली. या बाईला आपण परकी म्हणालो होतो, आणि परक्या बाईच्या हिशेबानं चार वाजता जाऊन बसलो होतो. बहीण मात्र आईच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाप्रमाणे खाली उतरत होती.

"तू गाडीतून उतरलीच नाहीस," ती कशीबशी म्हणाली. "खिडकीतून बघत होते मी."

"सकाळच्या गाडीनं आले. अकरापासून खोलीतच आहे. आरशासमोर बसून बोलायची सवय करत होते. आपल्यासारखं. येतच नाही मला आता, सेंगा. तू म्हणालीस ते खरं होतं. आईला कळायचं नाही."

"खरं असलं म्हणून काय झालं?" सेंगा रडायलाच लागली. "मी ते बोलायला नको होतं. चारचौघांत तर नाहीच. सहा वर्षं घशात अडकलंय माझ्या. मला माफ कर गं."

डविनानं तिच्या हातातली बॅग काढून घेतली आणि पायरीवर ठेवली. दोघी त्याच पायरीवर बसल्या, मोत्यांसकट. वरून उतरणारा एक साहेब त्यांना वळसा घालून, क्षमा मागत गेला.

"चल आता," शेवटी डविना नाक पुसत म्हणाली. "सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही मी. भीतीनं घासच उतरेना. आणि तूही तिथं नुसतीच बसली असशील ताटकळत, माझ्यासाठी उपाशी."

सेंगानं ओठाच्या कडेचा केकचा कण हळूच पुसला.

जेवणघरात त्यांच्या टेबलाशी आला तो रॅबच. डविनानं कार्ड न बघताच सांगितलं, "दोघींना तळलेला मासा, चिप्स, वाटाणे, लोणी-पाव आणि मोठी किटली. बहिणीला मासा मोठा द्या. केव्हाची थांबलीय बिचारी."

रॅबनं सेंगाकडे पाहिलं. सेंगानं त्याच्याकडे पाहिलं. रॅबच्या मिशा किंचित हलल्या.

"बघवत नव्हतं हो," तो गंभीरपणे म्हणाला. "नुसती दाराकडे बघत होती."

मासा आला तो ताटाबाहेर शेपूट काढून. पहिल्या घासालाच सेंगाला आतून केकांचा धक्का बसला. पण समोर डविना पावाला लोणी लावत होती, आणि बोलत होती, शब्द चुकत, स्वतःलाच हसत, पुन्हा म्हणून बघत. सेंगानं कंबरेचं बटण टेबलाखाली हळूच सोडलं. मासा संपवला. चिप्स संपवल्या. वाटाणे एकेक करून संपवले.

"किती भूक लागली होती गं तुला," डविना म्हणाली आणि आपल्या ताटातला अर्धा मासा उचलून तिच्या ताटात घातला.

"खूप," सेंगा म्हणाली, आणि काटा उचलला.