तार चालू हाये रेऽ

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. धानपट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात राहतो. माझा जन्मच गुन्ह्यातला. चोरून तोडलेलं झाड जप्त झालं, त्याचाच मी झालो. तोडणारे तीन वर्षांत सुटले. मी अजून इथंच आहे.

माझं कौतुकही झालं. “काय दणकट आहे!” असं म्हणणारे सगळे साहेब असत. आरोपींचं तिकडे लक्ष नसे.

हवालदार गुणवंतराव माझ्यासमोर बसून कागद भरतात. त्यात ‘गुन्ह्याचे कारण’ हा रकाना दोन बोटं रुंद. त्यात मावणारी दोनच कारणं ते वर्षानुवर्षं वापरत आले: ‘पूर्ववैमनस्य’ आणि ‘क्षुल्लक कारण’.

गेल्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेनंतर खुशाल नावाचा शेतकरी माझ्यावर बसला. धान पिकलं की रानडुकरं बांधीत, म्हणजे भातखाचरात, शिरतात, म्हणून तो संध्याकाळी शेताभोवती विजेची तार सोडे. बेकायदाच ते. पण आधी बांधावर उभा राहून ओरडे, “तार चालू हाये रेऽ!” शेजारच्या बांधीतून अश्विन “हौ रेऽ!” म्हणे आणि लांबच्या वाटेनं घरी जाई.

मंडईच्या नाटकाला खुशालनं जागा धरायला पोत्याचा बोरा अंथरला होता. अश्विननं तो गुंडाळून तिथं स्वतःचा टाकला. झालं, बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी खुशालनं तार सोडली. हाक दिली नाही.

“काऊन नाई देलास?” गुणवंतरावांनी विचारलं.

“बोलनं बंद होतं ना, भाऊ.”

“अबे, हाक मंजे बोलनं असते का?”

“तो हौ मने ना. मंग बोलनं झालंच असतं.”

माझ्या दुसऱ्या टोकाला अश्विनची माय बसली होती, गुणाबाई. ती रडत नव्हती.

“खुशाल, तो पुढं होता. माज्या डोक्यावर भारा, मी मांगं होती. मनला, माय, आज हाक नाई आली, मंजे तार नाई. सीधा जाऊ.”

“काकी...” खुशाल म्हणाला.

गुणवंतरावांनी रकान्यात ‘क्षुल्लक कारण’ लिहिलं. खोडलं. मग तेच पुन्हा लिहिलं. दुसरं काही मावत नव्हतं.

तेव्हापासून दिवस बुडताना मी खुशाल बसला होता त्या टोकाला कुरकुरतो. तिथं कुणी बसलेलं नसतं. शिपाई म्हणतो, वाळवी आहे. असेलही. पण कुरकुरून झालं की मी दुसऱ्या टोकाकडे कान लावतो. तिकडून ‘हौ’ येत नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, रंग नको. तार लावू नका, हे तर सरकारही सांगतं. भांडा, एकमेकांचे बोरे गुंडाळा, वर्षभर तोंड बघू नका. पण हाक द्यायची असेल तेव्हा द्या. ती बोलण्यात धरत नाहीत.