कासवापुरती जागा

“कासव नको मला,” लॉरेटा म्हणाली. “तिथंही नुसते निळे मणी भर, मावशे.”

इमेल्डाचा सुईचा हात थांबला. जमातीच्या नाचात घालायचा हरणाच्या कातड्याचा झगा टेबलावर पसरला होता. खांद्यांपासून छातीपर्यंत निळे काचमणी आठ-आठच्या ओळींत बसले होते, तळ्यासारखे. छातीच्या ऐन मध्यावर कासवापुरती जागा तेवढी कोरी होती. तळं आलं की कासव आलंच. बाईची कूस जपायचं काम त्याचं.

“डोकं फिरलंय का तुझं? बिनकासवाची नाचायला उभी राहशील? बायका तोंडात बोटं घालतील.”

“घालू देत. तीनदा दिवस गेले मला, तीनदा पोट पडलं. तेव्हा कुठं गेलं होतं गं तुझं कासव?”

भाची दार आपटून गेली.

दोन दिवस इमेल्डाच्या जिवाला थारा नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात हेडमास्तरालाही न जुमानणारी ही बाई, पण रश्श्यात दोनदा मीठ घालून बसली. घरी आली की सुई ओवायची, उठायची, कॉफी ठेवायची, प्यायची विसरायची. गुरुवारी तिनं हट्टानं पांढऱ्या मण्यांचं कासव घातलं आणि तासाभरात उसवून टाकलं. दुःख पोरीचं, झगा पोरीचा, आपण कोण? शुक्रवारी जागा निळ्यानं भरली, तरी मनाला काही बरं वाटेना.

शनिवारी नाचाच्या मैदानावर, गाडीच्या आडोशाला, लॉरेटानं झगा अंगात घातला. वेण्या मागं टाकल्या. तिचा हात आपोआप छातीच्या मध्यावर गेला आणि चाचपत राहिला.

“घातलं नाहीस?”

“तूच नको म्हणालीस ना?”

“म्हणाले गं.” लॉरेटाचा आवाज बसला. “पण आजवर तू माझं कधी काही ऐकलंयस का?”

जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, आणि ऐकायला हीच वेळ सापडली! स्वतःचीच इमेल्डाला भयंकर चीड आली.

“काढ तो. सुई-मणी आहेत गाडीत. तासाभरात—”

“राहू दे. ढोल सुरू झाला.”

रिंगणाच्या तोंडाशी बायका ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातावर शालीची घडी होती. लॉरेटानं आपली घडी उचलून छातीच्या मध्यावर घट्ट धरली आणि मान ताठ ठेवून ती आत गेली.